सात जणींची भिशी, एकच गाडी: सहल कुठं न्यावी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला बघता येईल. तुम्ही सात मैत्रिणी, खानापूरच्या एकाच शाळेतल्या. चौघी आता बेळगावात, एक खानापुरातच, एक निपाणीला, एक लग्न होऊन चंदगडला गेलेली. भिशीतले थोडे थोडे पैसे बाजूला टाकून दरवर्षी सहल काढता. यंदा दिवाळीनंतर तीन दिवस, दोन रात्री घरून मंजूर झाल्यात. एकीला समुद्र हवा, एकीला देवदर्शन, एकीला डोंगर चढायचाय, एकीला खरेदी, आणि एक म्हणते, "मी येते गं, खरं पहाटे उठवू नका आणि चहा आयता द्या." एक जैन आहे, दिवस मावळायच्या आत जेवते. सातवी काहीच बोलत नाही, "तुम्ही ठरवाल तिथं" एवढंच. गेल्या वर्षी तीन दिवसांत पाच ठिकाणं केलीत आणि परतताना गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. यंदा मोबाईलवर मतं घेतलीत तर गोवा तीन, बदामी दोन, दांडेली दोन, आणि त्यावरून दोघी रुसून बसल्यात. त्यात एकीचा सवाल, "बस फुकट असताना गाडी कशाला?" आता तुम्ही विचारताय, सगळ्यांना आवडेल असं ठिकाण कुठलं?

असं ठिकाण मला तरी माहीत नाही, आणि तुम्ही ते शोधत बसू नये असं माझं मत आहे.

आमचा गाड्यांचा धंदा आहे आणि बायकांचा ग्रुप असला की ड्रायव्हरशेजारी मी बसते. भिश्या, महिला मंडळं, भजनी मंडळं, दहावीच्या बॅचेस, सगळ्या प्रकारचे ग्रुप नेलेत. त्या सीटवरून मागचं सगळं ऐकू येतं आणि थोड्या वेळाने आपण पुढे बसलोय हे मागच्यांच्या लक्षातही राहत नाही. ठिकाणावरून भांडणं होतात ती निघायच्या आधी, फोनवर. एकदा गाडी सुटली की भांडण होतं ते उठायच्या वेळेवरून, बाथरूमच्या रांगेवरून, एकीच्या खरेदीपायी सहा जणी उन्हात ताटकळल्या त्यावरून, आणि पैशावरून. समुद्रवाली आणि देवळवाली एका गावात मजेत राहू शकतात. पाचला उठून मोठ्याने स्तोत्र म्हणणारी आणि नऊपर्यंत झोपणारी एका खोलीत राहू शकत नाहीत.

तुमचा खरा घोळ मला असा दिसतो: सात जणी, सात तऱ्हा, आणि गाडी एक. गाडी जाईल तिकडे सगळ्यांनी जायचं. देवळात अर्धा तास म्हणून गेलेली दीड तासाने येते तोवर बाकीच्या गाडीत. डोंगरवाली चढायला गेली की तिच्या चपला सांभाळत खाली चौघी. प्रत्येक ठिकाणी एक खूश आणि सहा जणी तिच्यासाठी थांबलेल्या, आणि दुसऱ्या ठिकाणी पाळी बदलते एवढंच. अशी पाच ठिकाणं केली की प्रत्येकीच्या वाट्याला चार वेळा थांबणं येतं. गेल्या वर्षी तुमचं तेच झालं असणार.

म्हणून मी मिश्र आवडीच्या ग्रुपला एकच कसोटी लावते. तिथं गेल्यावर गाडी लावून टाकली तर पायी, फार तर रिक्षाने, आपापल्या वाटेने जाता येतं का? येत असेल तर ते ठिकाण तुमचं. गाडीवालीने गाडी उभी ठेवा म्हणावं हे विचित्र वाटेल, खरं यात माझं नुकसान होत नाही. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान २५० ते ३०० किलोमीटर धरूनच भाडं लावतात. तुम्ही तेवढं फिरा नाहीतर झाडाखाली उभी करा, पैसे तेच. आणि इथंच बायका फसतात. "किलोमीटर शिल्लक आहेत, चला अजून एक पॉइंट करू." पैसे वसूल करायच्या नादात संध्याकाळी सहाला कुणालाच नको असलेल्या धबधब्यावर जाऊन उभ्या राहतात. ते किलोमीटर गेले असं समजा आणि सोडून द्या.

आता या कसोटीवर तुमच्या तीन ठिकाणांकडे बघू.

दांडेली मला आवडते, खरं तुमच्या ग्रुपला नाही सुचवणार. तिथली राहायची चांगली ठिकाणं जंगलात, गावापासून लांब. बाहेर पडायचं तर गाडी लागतेच. दांडेली कुणासाठी, तर ज्या ग्रुपला सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट करायचीय त्यांच्यासाठी. गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग होतं, तेही सुपा धरणातून पाणी सोडण्यावर अवलंबून. सातही जणी बोटीत बसणार असतील तर जरूर जा. पाच जणी काठावर पर्सा सांभाळणार असतील तर कशाला?

गोवा बेळगावला जवळचा, चोर्ला घाटातून तीनेक तासांत उतरता येतं. खरं गोव्यात मुक्काम एकीकडे, देऊळ दुसरीकडे, बाजार तिसरीकडे. पांगायचं तर स्कूटर भाड्याने घ्याव्या लागतात आणि तुमच्यातल्या किती जणी अनोळखी रस्त्यावर त्या चालवतील हे तुम्हालाच माहीत. तीन मतं गोव्याला पडली म्हणता, त्या तिघींना एकेकटीला विचारून बघा, गोवाच हवाय का समुद्र हवाय. माझ्या अंदाजाने दोघी तरी समुद्र म्हणतील.

समुद्रच हवा असेल तर गोकर्णला जा. बेळगावहून दोनशे किलोमीटरच्या वर, येल्लापूरवरून अंकोल्याला उतरणारा रस्ता, ट्रकची वर्दळ भरपूर, थांबे धरून सहा तास मोजा. गोकर्णचं मला आवडतं ते हे की देऊळ, बाजार आणि समुद्र एकमेकांना चिकटून आहेत. महाबळेश्वराचं देऊळ, शेजारी महागणपती, कोटितीर्थ, हे सगळं गावात चालत होतं. देऊळ दुपारी बंद असतं, म्हणून देवळवालीने सकाळीच जावं. साडी किंवा सलवार-कमीज घालावी, जीन्स चालत नाही. गावाबाहेर टेकडीपलीकडे कुडले बीच, तिथून कड्यावरून अर्ध्या तासाची पायवाट ओम बीचला जाते, पुढे खडकांतून हाफ मून आणि पॅराडाइज. तुमची डोंगरवाली या वाटेवर खूश होईल. एका बाजूला समुद्र ठेवून चढ-उतार करत जायचं, कुठं दम लागतो, कुठं नुसतं उभं राहावंसं वाटतं. झोपाळू मैत्रिणीला कुडलेच्या वरच्या अंगाला खोली द्या, ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही तरी कुणाचं काही अडत नाही. एक गोष्ट आधी विचारून घ्या. कुडलेला गाडी वरच थांबते, पुढे पायऱ्या आणि उतार. गुडघे दुखणारी कुणी असेल तर मुक्काम गावात करा आणि ओम बीचला रिक्षाने जा. खरेदीवालीला मात्र गोकर्णात शंख-शिंपले आणि सुती कपडे यापलीकडे फारसं मिळणार नाही.

समुद्र सोडायची तयारी असेल तर माझं मत बदामीला. मतदानात ती दोनच मतांवर पडली याचं मला वाईट वाटलं. बेळगावहून सुमारे दीडशे किलोमीटर, रस्ता सपाट, घाट नाही, म्हणजे गाडी लागणाऱ्यांचा त्रास नाही. बसस्टँडपासून लेणी, अगस्त्य तीर्थ, भूतनाथाचं देऊळ, वरचा किल्ला सगळं चालायच्या अंतरात. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे, म्हणजे आपण चौदाशे वर्षांपूर्वीच्या खांबांना हात लावून बघत असतो. डोंगरवालीने उत्तरेकडच्या किल्ल्यावर चढावं. लाल दगडाच्या दोन उभ्या भिंतींमधून अरुंद पायऱ्या वर जातात, वर शिवालयं आहेत, आणि सकाळी आठच्या आत गेलं तर ऊन लागत नाही. अकरानंतर तो दगड तव्यासारखा तापतो, नोव्हेंबरातसुद्धा. देवळवालीला पाच किलोमीटरवर बनशंकरी, आपल्याकडच्या कितीतरी घरांचं कुलदैवत. त्या देवळाबाहेर बायका टोपल्यांत ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, पालेभाजी आणि घट्ट दही घेऊन बसतात. बसकूर टाकून तिथंच जेवायचं. तुमच्या जैन मैत्रिणीने भाजीत कांदा-लसूण आहे का तेवढं विचारून घ्यावं. आणि खरेदी! जवळच गुळेदगुड्ड, जिथं चोळीचा खण विणतात, आणि त्याच जिल्ह्यात साड्यांचं इलकल. ज्या मैत्रिणीपायी तुम्ही गेल्या वर्षी उन्हात उभ्या राहिलात तिला एक पूर्ण सकाळ आणि एक रिक्षा द्या, ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी आपापलं बघावं. वानरांपासून मात्र पिशव्या जपा, लेण्यांपाशी ती हातातून केळी ओढून नेतात.

पुढे पट्टदकल आहेच, बदामीहून बावीसेक किलोमीटर. १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथली दोन मोठी देवळं, विरूपाक्ष आणि मल्लिकार्जुन, विक्रमादित्य दुसरा याच्या दोन राण्यांनी बांधली, लोकमहादेवीने एक आणि त्रैलोक्यमहादेवीने दुसरं. दोघी सख्ख्या बहिणी. सख्ख्या बहिणींनाही एका देवळात भागलं नाही, मग तुम्ही तर सात जणी.

आता एक गोष्ट, जी पुरुष सहलवाले कधी सांगत नाहीत. सात बायकांत कुणा ना कुणाची तारीख त्या तीन दिवसांत येतेच. सहल नुसती देवळांची असली की ती बिचारी प्रत्येक थांब्यावर गाडीत बसून राहते, किंवा निघायच्या आधी डॉक्टरला न विचारता गोळ्या घेते आणि मग तीन दिवस डोकं धरून बसते. कुणी काय पाळावं यावर मी बोलत नाही, ज्याच्या त्याच्या घरची रीत. खरं जिथं देवळाशिवायही बघायला-करायला काही आहे अशा ठिकाणी तिला न सांगता, न लाजता दुसरीकडे वळता येतं. "मी जरा तलावापाशी बसते" एवढं म्हणालं की झालं. पायी पांगता येण्याचा हा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

पांगायचं म्हणजे एकमेकींना दिवसभर न भेटणं नव्हे, नाहीतर एकत्र गेलोच कशाला असं कुणीतरी म्हणणारच. मी दिवसाला दोन वेळा बांधून देते. सकाळी साडेआठला नाश्ता, सगळ्यांनी, आंघोळ झालेली असो वा नसो. तिथं प्रत्येकीने सांगायचं मी आज काय करणार, कुणाला यायचं ते या. मग दुपारी चारपर्यंत सुट्टी. चारनंतर सगळ्या एकत्र, रात्री झोपेपर्यंत. पहाटे उठणाऱ्यांचं नाश्त्याआधीच सगळं उरकलेलं असतं, उशिरा उठणारी साडेआठला डोळे चोळत येते, आणि कुणावर उपकार केल्याची भावना राहत नाही. एका ग्रुपमध्ये अशाच एका झोपाळू बाई पहिल्या दिवशी नाश्त्याला गाऊनवर शाल घेऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी आपणहून सहा वाजता समुद्रावर गेल्या. उठवलं असतं तर गेल्या नसत्या.

खोल्या लावताना मैत्री बघू नका, झोप बघा. सात जणी म्हणजे दोन, दोन, तीन. पहाटे उठणाऱ्या एका खोलीत, घोरणाऱ्या एका खोलीत (कोण घोरतं हे प्रत्येक ग्रुपला माहीत असतं, तिला सोडून), आणि रात्री दोनपर्यंत बोलणाऱ्या कोपऱ्यातल्या खोलीत. तिघींच्या खोलीत तिसरीला बहुतेकदा खाली गादी टाकतात. ती कोण झोपणार ते जायच्या आधी ठरवा, पाठदुखीवालीवर ती पाळी येऊ देऊ नका.

जेवणाचं थोडं बारकाईने बघावं लागेल. शुक्रवार ते रविवार जाणार असाल तर मधला शनिवार येतो, आणि आपल्याकडे शनिवारी, काहींच्या सोमवारी, मासे-मटण चालत नाही. समुद्रावर जाऊन नेमक्या मधल्या दिवशी अर्ध्या जणी बटाट्याची भाजी खात बसतात आणि उरलेल्या त्यांच्यासमोर सुरमई खायला संकोचतात. रविवार ते मंगळवार मिळाले तर बघा, सोमवार पाळणाऱ्या किती आणि शनिवार पाळणाऱ्या किती ते मोजून. रविवारी रात्रीपासून गर्दीही ओसरते आणि खोल्यांचे दर उतरतात. तुमच्या जैन मैत्रिणीचा प्रश्न गोकर्णला जास्त अवघड होतो. तिथं सगळ्यांना सूर्यास्त बघायचा असतो आणि तिला सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं. हॉटेलांची रात्रीची चूल सातशिवाय पेटत नाही. दुपारीच सांगून ठेवलं तर पाच-सव्वापाचला साधा भात-वरण, चपाती करून देतात. पैसे आधी दिले तर नक्की देतात. तिच्यासोबत आणखी एकीने त्या वेळी बसावं, चहा घेत का होईना. तिला एकटीला जेवायला बसवून बाकीच्या समुद्रावर गेल्या की ती पुढच्या वर्षी येत नाही. कारण विचारलं तर घरचं काहीतरी सांगते.

आणि आता ती सातवी, न बोलणारी. माझं सगळ्यांत जास्त लक्ष तिच्याकडे जातं.

"तुम्ही ठरवाल तिथं" म्हणणारी खरोखर सरळ स्वभावाची असू शकते. खरं पुष्कळदा त्यामागे पैसा असतो. भिशीतून सगळ्यांचे सारखेच पैसे येतात म्हणून तुम्हाला वाटतं खर्चाचा प्रश्न मिटला. भिशीतून गाडी आणि खोल्या भागतात. वरचं काय? एका सहलीत दुपारी सगळ्या जणी समुद्रकाठच्या चांगल्या हॉटेलात बसल्या. त्यांतली एक म्हणाली, "माझं पोट बरं नाही, मी नुसतं ताक घेते." मी गाडीपाशी आले, तर थोड्या वेळाने त्या बाई मागच्या टपरीवर उभ्या. कागदावर चार भजी आणि एक पाव, पाठ हॉटेलकडे करून, भराभर खाताहेत. मला बघून हसल्या, म्हणाल्या, "आता जरा बरं वाटलं." रात्री परत पोट बरं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही. मैत्रिणी काळजीने ओव्याचा अर्क, इनो काय काय देत होत्या. त्या सगळ्या मनाने चांगल्या बायका होत्या. कुणाच्या मनातही आलं नाही की हॉटेलचं बिल सात सारखे भाग करून काढायचं ठरलंय आणि त्या बाईला तो भाग झेपत नाही.

म्हणून माझा आग्रह असा. रोजचे दोन जेवण आणि नाश्ता आधीच मोजून भिशीच्या पैशांत धरा, त्यासाठी एक रात्र स्वस्त खोली घ्यावी लागली तरी घ्या. त्यापुढचं आइस्क्रीम, मासे, बोट, साड्या ज्याचं त्याने. कॉन्ट्री काढायची वेळच येऊ देऊ नका. आणि गावातलं स्वस्त खानावळीचं जेवण असेल तिथं सगळ्यांनी एकदा तरी तिथं जेवा, गंमत म्हणून. बदामी मला याही कारणाने बरी वाटते, तिथं भारी हॉटेलात जायचा मोहच कमी आहे.

ठरवायचं कसं? मतदान नको. तीन विरुद्ध चार असं मतदान झालं की तीन जणी हरून गाडीत बसतात. त्याऐवजी तुम्ही प्रत्येकीला वेगळा फोन करा, मेसेज नव्हे, आणि दोनच गोष्टी विचारा. या तीन दिवसांत तुला काय झालंच पाहिजे? आणि काय अजिबात नको? पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर घ्यायचं. सातही "नको" सांभाळले जातील असं ठिकाण निवडा, सात "हवं" पैकी चार-पाच पुरे होतात. नको असलेलं टळलं की माणूस बाकीचं चालवून घेतं. फोनवर ती सातवीही बोलेल, सगळ्यांसमोर बोलणार नाही. मग ठिकाण तुम्ही जाहीर करा आणि एक तारीख द्या. त्या तारखेपर्यंत जिने ठरलेली आगाऊ रक्कम पाठवली ती येणार. उरलेल्यांसाठी खोली धरायची नाही. आकडा पक्का झाल्याशिवाय गाडीही ठरत नाही, कारण सात सीटर गाडी म्हणतात त्यात ड्रायव्हर धरलेला असतो. सहा जणी असाल तर ती चालेल, सात असाल तर ट्रॅव्हलर लागते आणि भाडं एकदम वर जातं.

तुम्ही हा प्रश्न विचारलात यावरून वाटतं की दरवर्षी सगळं तुम्हीच ठरवता आणि नंतर बोलणीही तुम्हीच खाता. यंदा ठिकाण ठरवून झालं की पैशाची वही दुसरीकडे द्या आणि घड्याळ तिसरीकडे. "चला, उशीर होतोय" हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ नये. वेळ पाळायला मी नेहमी ग्रुपातली सगळ्यांत कमी बोलणारी निवडते. ती उठून उभी राहिली की बाकीच्या आपोआप उठतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. मुलं सोबत येणार असतील तर वरचं अर्धं गणित बदलतं. समुद्रावर मुलं आणि आयांपैकी कुणाचं ना कुणाचं लक्ष सतत पाण्याकडे, मग पांगणं विसरा. मुलांवरून आठवलं, तारीख ठरवताना शाळांच्या सुट्ट्या बघा. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला मोजके दिवस. महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी लांब. तुमच्या चंदगडच्या मैत्रिणीची मुलं घरी असतील आणि बेळगाव, निपाणीकरणींच्या मुलांचे डबे चालू असतील. एकीला वाटतं दिवाळीनंतर सोयीचं, सहा जणींना तेच गैरसोयीचं. सासूबाई, नवरे डबे सांभाळणार असतील तर ठीक. भिशीतली एखादी येऊच शकली नाही तर तिचे सहलीचे पैसे परत द्यायचे की पुढच्या वर्षाला धरायचे, हे आत्ता, कुणी मागे फिरायच्या आधी ठरवा. आणि चढाओढ खरोखरच टोकाची असेल, समुद्रवाल्या बदामीला यायलाच तयार नसतील, तर यंदा चौघी एकीकडे, तिघी दुसरीकडे जा आणि पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याला सगळ्या मिळून एका दिवसाची चक्कर मारा. सकाळी जाऊन करदंट घेऊन संध्याकाळी घरी. सगळ्यांनी दर वेळी सगळीकडे यायलाच हवं असं कुणी सांगितलंय?

मोकळीक द्या म्हणते तरी पाण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. समुद्रात गुडघ्याच्या पुढे नाही, एकटीने नाही, अंधारात नाही, साडीत तर नाहीच. ओली साडी पायात गुंडाळली की पोहणारीलाही उभं राहता येत नाही. मुरुडेश्वरला डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा "हो हो" म्हणून आणखी दोन पावलं पुढे जाणाऱ्या बायका मी बघितल्यात. ओमच्या खडकांवर फोटोसाठी चढणाऱ्याही. पॅराडाइजच्या पायवाटेवरून चारच्या आत परत फिरायचं आणि किमान दोघींनी मिळून जायचं.

शेवटी तुमच्या मैत्रिणीचा तो सवाल, "बस फुकट असताना गाडी कशाला?" तिचं चुकत नाही. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्यातल्या राज्यात साध्या आणि एक्सप्रेस सरकारी बसला तिकीट नाही. राजहंस, एसी, स्लीपर यांना ती लागू नाही. गोव्याला जाणाऱ्या आंतरराज्य बसलाही नाही, म्हणजे गोवा तसाही बाद झाला. बदामीला ठरलं तर बसने जाणं जमेल. गाडीचे वाचलेले पैसे चांगल्या खोल्यांना आणि दोन दिवसांच्या रिक्षांना घाला, मला राग नाही. खरं मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेच्या आसपास निघू नका, त्या वाटेवर सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी उसळते आणि तीन तास उभं राहावं लागतं. गोकर्णला ठरलं तर गाडीच घ्या. अंतर लांब, घाट, बस बदलायची, आणि वाटेत बायकांना थांबण्यासारखी स्वच्छ बाथरूम मोजकीच. गाडी असली की हवं तिथं थांबवता येते. गाडी घेतली तर घरोघरी पिकअप ठेवू नका. वडगाव, अनगोळ, टिळकवाडी करत फिरलं की बेळगावातच तास जातो. सगळ्यांनी एका ठिकाणी यायचं, निपाणीवालीने आदल्या रात्री कुणाकडे तरी मुक्कामाला यावं. चंदगडच्या मैत्रिणीला एसटीत १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. आधारवर चंदगडचा पत्ता असेल तर पुढे बदामीच्या बसचं तिला पूर्ण तिकीट पडेल. ते भिशीतून काढा, आणि हे निघायच्या आधीच ठरवून टाका, म्हणजे बसमध्ये कंडक्टरसमोर त्यावर चर्चा नको. बाकीच्या सहा जणींनी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नको. गर्दीत कंडक्टर बॅग उघडेपर्यंत थांबत नाही, सरळ तिकीट फाडतो.